तारेच्या पोटातून पळतं कोण?

दोस्ता, तुझ्या घरात खिडकीच्या चौकटीला लागून एखादी जाडसर, काळी, गोल तार आत येते का? टीव्हीची तार! केबलवाले काका जिचं टोक गोल गोल फिरवून घट्ट बसवतात ना, तीच. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. बिचारी धूळ खात लोंबकळत असते.

आता ओळख पाहू, या तारेतून काय काय जाऊ शकतं? एकाच वेळी शेकडो चॅनेल! आणि त्याच वेळी, त्याच तारेतून, घरभराचं इंटरनेटसुद्धा! तेही एकमेकांना धक्का न लावता!

चल, आज या तारेच्या पोटात शिरू. आणि ती रुसून बसली, तर तिचं नेमकं कुठे दुखतंय ते कसं शोधायचं, तेही बघू. त्यासाठी जाऊ या थेट तमिळनाडूत, नाचियारकोविल नावाच्या गावात.

एवढ्या लांब? अरे, हा मुलूख आपल्या ओळखीचा आहे! शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे तंजावरला राज्य करत होते, आठवतं? त्या तंजावरहून पुढे कुंभकोणम लागतं. तिथून दहाएक किलोमीटरवर नाचियारकोविल. या गावाच्या पितळी समया साऱ्या देशात नावाजलेल्या आहेत. कावेरीच्या मऊ वाळूचे साचे करायचे, त्यात वितळलेलं पितळ ओतायचं, की झाले समईचे भाग तयार. बैठक वेगळी, दांडा वेगळा, तेलाचं तबक वेगळं! मग ते आटे फिरवून एकमेकांत बसवतात. हे आटे लक्षात ठेव हं, पुढे लागणार आहेत.

आता समज, अशा गावातलं एक जुनं, लांबच लांब घर. पुढे ओटा, मध्ये चौक, मागे परसू. इंटरनेटचा राउटर पुढच्या खोलीत आणि ताईचा अभ्यास मागच्या खोलीत. मधल्या भिंती चांगल्या हातभर जाड. त्यात मधल्या खोलीत विक्रीच्या समयांची रास! वाय-फायच्या लाटांना धातू मुळीच आवडत नाही. धातूवर आपटून त्या माघारी फिरतात. मग ताईच्या खोलीत काय पोहोचणार? जवळजवळ काहीच नाही!

पण थांब. टीव्हीची जुनी तार मात्र पुढच्या खोलीतून मागच्या खोलीपर्यंत आधीच गेलेली आहे! मग तिलाच कामाला लावलं तर?

लावता येतं की! तारेच्या दोन्ही टोकांना दोन छोट्या डब्या जोडायच्या. त्यांना अडॅप्टर म्हणतात. एक डबी राउटरजवळ, दुसरी ताईच्या खोलीत. या पद्धतीचं नाव ‘मोका’. २००४ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन ही पद्धत ठरवायला सुरुवात केली. अमेरिकेत ती बऱ्याच घरांत दिसते, आपल्याकडे क्वचितच. अशा १६ डब्या एकाच घरात एकमेकींशी बोलू शकतात! आणि वेग? नव्या डब्यांत सेकंदाला २५० कोटी ‘हो-नाही’ इकडून तिकडे जाऊ शकतात. (संगणकाची सगळी भाषा हो आणि नाही याच दोन शब्दांची, बरं का!)

मग टीव्ही आणि इंटरनेट एकमेकांवर आदळत का नाहीत? कारण त्यांचे हेलकावे वेगवेगळे! टीव्हीच्या लाटा सेकंदाला १०० कोटींपर्यंत हेलकावे घेतात. मोकाच्या लाटा त्याहून भरभर, ११२ कोटींच्या वर आणि पार १६७ कोटींपर्यंत! प्रत्येक डबी फक्त आपल्या हेलकाव्यांकडे लक्ष देते.

आता कापलेली तार आतून दिसते कशी, ते बघ. बाहेर काळी साल. तिच्याखाली बारीक तारांची विणलेली जाळी. जाळीखाली चकचकीत चंदेरी कागद. मग पांढराशुभ्र, कडक फेस. आणि अगदी मधोमध सुमारे एक मिलिमीटर जाडीची तांबूस काडी.

सांग बरं, लाट कुठून पळते?

‘तांब्यातून!’ म्हणालास ना? म्हणालीस ना? सगळे तेच म्हणतात. पण लाट पळते त्या पांढऱ्या फेसातून! खरंच! आतली काडी आणि बाहेरचा चंदेरी कागद तिला फक्त वाट दाखवतात. लाटेचं सगळं बळ या दोघांच्या मधल्या जागेत असतं. म्हणून तो फेस चेपला गेला, की लाट अडखळते. तारेवर पलंगाचा पाय ठेवायचा नाही, तो यासाठी!

आणि वेग किती? सेकंदाला सुमारे अडीच लाख किलोमीटर! त्या लांबलचक घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाट पोहोचते, तोवर तुझी पापणी हललेलीसुद्धा नसते.

अशी तार सुचली कुणाला? इंग्लंडमधल्या ऑलिव्हर हेविसाइड यांना. लहानपणीच्या आजारामुळे त्यांना कमी ऐकू यायचं. १६ व्या वर्षी शाळा सुटली. तारयंत्रावर नोकरी करता करता अवघड गणित ते आपले आपण शिकले. आणि १८८० साली त्यांनी एका तारेभोवती दुसरी नळीसारखी तार, या कल्पनेचं पेटंट घेतलं. तेव्हा टीव्ही नव्हता, रेडिओसुद्धा नव्हता! मला तर हे हेविसाइड फार आवडतात.

बरं, आता आपल्या घरात आली पंचाईत! ताईच्या डबीवरचा दिवा लागेना!

पहिलं काम कोणतं? भिंत फोडायची? छे! दोन्ही डब्या उचलायच्या आणि एकाच टेबलावर आणायच्या. हातभर लांबीची नवी, चांगली तार घेऊन त्या एकमेकींना जोडायच्या. लागला दिवा? वा! म्हणजे डब्या निर्दोष. दुखणं भिंतीतल्या तारेत किंवा तिच्या सांध्यांत आहे. एका झटक्यात अर्धे संशयित सुटले! मला ही युक्ती सगळ्यांत शहाणी वाटते. मग एकेकच वस्तू परत जोडत जायचं. जी जोडल्यावर दिवा विझला, तीच खोडकर!

आणि गंमत सांगू? तार सहसा मधोमध बिघडत नाही. बिघाड बहुतेक वेळा टोकाशी सापडतो.

टोकाला असतो एफ-कनेक्टर. बहुतेक चांगले कनेक्टर कशाचे असतात, ठाऊक आहे? पितळेचे! वरून निकेलचा मुलामा, म्हणून चंदेरी दिसतात. नाचियारकोविलच्या समईसारखेच त्यालाही आटे! तिथला कारागीर काय सांगेल? आटा तिरका बसला, तर समई डुगडुगणार. इथेही तसंच. कनेक्टर सैल राहिला की लाट गळते, आणि बाहेरच्या मोबाइलच्या लाटा आत घुसतात.

आणखी एक चोर आहे, केसाएवढा! जाळीतली एखादी बारीक तार चुकून मधल्या काडीला टेकली, तर सगळा कारभार ठप्प! कनेक्टर उघडून डोळ्यांनी नीट बघितलं की तो चोर सापडतो.

आता पुढचा संशयित. स्प्लिटर! एक तार आत, दोन किंवा जास्त तारा बाहेर, अशी छोटी धातूची डबी. बाबा म्हणतात, ‘एका तारेचे दोन फाटे केले, झालं!’ पण लाट काही दुप्पट होत नाही हं. एका पोळीचे दोन तुकडे केले, की प्रत्येकाला अर्धीच मिळणार. त्यातल्या अर्धीचे पुन्हा दोन? पाव! पुन्हा दोन? आठवा हिस्सा! तीन स्प्लिटर एकापुढे एक लावले, तर शेवटच्या खोलीत आठव्या हिश्शाहूनही कमी लाट पोहोचते. कारण प्रत्येक स्प्लिटर वाटता वाटता स्वतःही थोडी खातो!

याच्या अगदी उलटं गणित नाचियारकोविलच्या मंदिरात आहे! तिथे दगडी गरुड आहे. वर्षातून दोनदा त्याची मिरवणूक निघते. निघताना त्याला ४ जण उचलतात. थोडं पुढे गेलं की ८ लागतात. मग १६, मग ३२, मग ६४! गरुड जसजसा बाहेर येतो तसतसा जड होत जातो, आणि परत जाताना हलका होत जातो, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. फक्त दुप्पट-दुप्पट करत बघ, आकडा कसा धावतो! स्प्लिटरमध्ये तोच आकडा उलटा धावतो. निम्मं, निम्मं, निम्मं!

म्हणून नको असलेला स्प्लिटर काढून टाकायचा. आणि हवाच असेल, तर त्याच्यावर काय छापलंय ते वाचायचं. ‘५ ते १००० मेगाहर्ट्झ’ असं असेल, तर तो टीव्हीपुरता. मोकाला १६७५ पर्यंतचा लागतो. मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १० लाख हेलकावे. टीव्हीचं चित्र सुधारायला लावलेला जुना बूस्टरही मध्ये असेल, तर तोही बघायचा. पुष्कळ बूस्टर लाटेला एकाच दिशेने सोडतात. मग डब्यांचं संभाषण होणार कसं? एकीने बोलायचं आणि दुसरीने गप्प बसायचं?

आता सांगतो सगळ्यांत भारी गोष्ट. तारेत प्रतिध्वनी उमटतो!

मैदानावर दोरीउड्यांची लांब दोरी घे. एक टोक खांबाला बांध. दुसरं टोक हातात धरून एकच झटका दे. लाट पळत खांबापर्यंत जाते आणि... परत येते! आता खांबाऐवजी मैत्रिणीच्या हातात टोक दे. तिने हात सैल ठेवला आणि लाटेबरोबर हलू दिला, तर लाट तिच्या हातात विरून जाते. परत येत नाही. करून बघच!

तारेचं टोक मोकळं सोडलं, की लाट अशीच परत फिरते आणि नव्या लाटांमध्ये गोंधळ घालते. जुन्या टीव्हीवर माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली दिसायची, ती कधी कधी अशा परतलेल्या लाटेमुळेही. मग उपाय? मैत्रिणीचा सैल हात! स्प्लिटरच्या रिकाम्या तोंडावर एक छोटी टोपी बसवतात. तिला टर्मिनेटर म्हणतात. आत असतो ७५ ओहमचा रोधक. तो लाट गिळून टाकतो. काही रुपयांची टोपी, पण काम केवढं!

पूर्वी कार्यालयांतले संगणकसुद्धा अशाच गोल तारेने एका ओळीत जोडलेले असायचे. तेव्हा एका टोकाची टोपी निघाली, की ओळीतले सगळेच्या सगळे संगणक मुके व्हायचे! एवढ्याशा टोपीपायी!

आणि हाच प्रतिध्वनी कधी कधी आपला गुप्तहेर होतो. तंत्रज्ञांकडे एक यंत्र असतं. ते तारेत एक टिचकी मारतं आणि प्रतिध्वनी कधी परततो ते मोजतं. लाटेला एक मीटर जायला ४ नॅनोसेकंद लागतात. (सेकंदाचे १०० कोटी तुकडे केले तर एक तुकडा म्हणजे नॅनोसेकंद!) प्रतिध्वनी १६० नॅनोसेकंदांनी आला, तर जाऊन येऊन ४० मीटर झाले. म्हणजे तार तुटलीय बरोबर २० मीटरवर! भिंतीला हातही न लावता कळलं!

पावसाचंही बघायला हवं. तमिळनाडूच्या या भागात मोठा पाऊस येतो ऑक्टोबर ते डिसेंबर. सालीला एखादी चीर असली, की पाणी जाळीतून सरकत सरकत पार आत जातं. तांब्यावर हिरवट थर चढतो. म्हणून तार खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली एक झोळ देतात. पाणी झोळाच्या तळाशी येतं आणि टपकून जातं. किती सोपी युक्ती!

आणि बाहेरची तार घरात शिरते तिथे एक छोटी गाळणी लावायला विसरायचं नाही. ती टीव्हीच्या लाटा आत सोडते, पण मोकाच्या लाटा बाहेर जाऊ देत नाही. नाहीतर तुमच्या घरातल्या लाटा तारेतून थेट शेजारच्यांकडे!

आता शेवटचं आश्चर्य. भरभर हेलकावणारी वीज तांब्याच्या काडीच्या आत शिरतच नाही. ती काडीच्या कातडीवरून सरकते. मिलिमीटरचे ५०० भाग केले, तर त्यातला जेमतेम एक भाग, एवढीच ती कातडी! मग आतल्या तांब्याचा उपयोग काय? फारसा नाही. म्हणून बऱ्याच तारांमध्ये ती काडी आतून चक्क पोलादाची असते. वर फक्त तांब्याचा मुलामा!

खोटं वाटतं? केबलवाल्या काकांकडे तारेचा टाकाऊ तुकडा माग. मोठ्यांकडून त्याची साल काढून घे आणि काडीजवळ चुंबक धर. चिकटला तर आत पोलाद, नाही चिकटला तर आत पोलाद नाही. मात्र खांबावरच्या, गच्चीवरच्या किंवा टीव्हीला जोडलेल्या तारेला हात लावायचा नाही. आणि ढग गडगडत असतील तर मुळीच नाही. तुझ्या तुकड्यात काय निघालं, ते आम्हाला पत्राने नक्की कळव!