वीतभर चित्र आणि हक्काची जागा



आमच्या गटाची बैठक अजून कुणाच्या तरी ओसरीवरच भरते. पाऊस आला की वही आणि पेटी उचलून आत पळायचं. म्हणूनच आज आम्ही ॲना हिल्स या चित्रकार बाईंची गोष्ट सांगतोय. चित्रांचा आणि बचत गटाचा काय संबंध, असं वाटेल. पण शेवटपर्यंत ऐका.

ॲनाबाई १८८२ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जन्मल्या. शिकागो आणि न्यूयॉर्कला चित्रकला शिकल्या, युरोपात राहून आल्या. साधारण तिशीत त्या पार पश्चिमेला गेल्या आणि कॅलिफोर्नियातल्या लगूना बीच या समुद्रकाठच्या गावी स्थायिक झाल्या.

त्यांच्या चित्रांच्या पद्धतीला इंप्रेशनिस्ट म्हणतात. ती फ्रान्समधली, या चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन पॅरिसला १८७४ साली भरलं. एकेक पान कोरत बसायचं नाही, त्या घडीला ऊन कसं पडलंय ते सुट्या फटकाऱ्यांनी टिपायचं. सावलीसुद्धा काळी नाही, निळी-जांभळी. संध्याकाळी आपल्या लांबच्या डोंगराकडे बघा, तोही निळाच दिसतो.

पण ऊन काही थांबत नाही, तासाभरात सावल्या सरकतात. म्हणून ॲनाबाई रंग घेऊन उघड्यावर बसत. पुष्कळदा वहीच्या पानाएवढ्या, साधारण ७ बाय १० इंचांच्या फळीवर रंगवत. एवढं चित्र एका बैठकीत होतं आणि उचलून घरी नेता येतं. तेलरंग बहुतेक जवसाच्या तेलात घोटलेले असतात. आपण चटणी करतो तेच जवस! १८४१ मध्ये रंगासाठी पत्र्याची ट्यूब निघाली आणि ते बाहेर नेणं सोपं झालं.

आता गटाची गोष्ट. १९१८ मध्ये लगूनाच्या चित्रकारांनी संघ काढला आणि गावातल्या जुन्या सभागृहात चित्रं मांडली. ॲनाबाई सुरुवातीपासून त्यात होत्या. पुढे सहा वर्षं अध्यक्ष. संघाला स्वतःची इमारत हवी म्हणून निधी गोळा करण्यात त्या पुढे होत्या. १९२९ मध्ये दालन उघडलं. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. पण त्याच जागी आज लगूना आर्ट म्युझियम उभं आहे.

चित्रं वीतभर, पण त्यांना हक्काची जागा मिळाली. आपल्या कामालाही ती लागते. गावात एखादी खोली रिकामी असेल तर पुढच्या बैठकीत ठराव करा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि ग्रामपंचायतीत अर्ज द्या. आम्हीही देतोय.