कंदील पेटीत, पेटी माजघरात

पेटीत कंदील ठेवला आणि पेटी उचलून ओसरीवर नेली, तर कंदील कुठे आहे? चार वर्षांचं पोरही सांगेल. संगणकाला मात्र ते कुणीतरी शिकवावं लागतं.

लिस्पमध्ये मी केलेला खेळ अगदी छोटा आहे : एक वाडा, मोजक्या खोल्या, कुलूप, किल्ली, कंदील. चित्रं नाहीतच. खेळाडूने ‘कंदील घे’ असं टाइप करायचं, खेळ शब्दांत उत्तर देणार. जॉन मॅकार्थी यांनी १९५८मध्ये एमआयटीत जन्माला घातलेली ही भाषा कंसांसाठी बदनाम आहे, पण इथे कंसच उपयोगी पडतात. (आत कंदील पेटी), (आत पेटी माजघर) : झालं वाड्याचं ज्ञान. प्रोग्रॅमही अशाच कंसांच्या यादीत लिहिलेला असल्याने खेळ चालू असताना नवा नियम सहज घालता येतो.

खरी मेख ‘आत’मध्ये आहे. प्रत्येक वस्तूपुढे तिची खोली लिहिली, तर पेटी हलवताच आतल्या सगळ्या वस्तूंच्या नोंदी बदलत बसावं लागतं. त्याऐवजी वस्तू लगेच कशात आहे एवढंच लिहायचं. मग कंदिलावरून पेटीकडे, पेटीवरून खोलीकडे असं वर चढत गेलं की उत्तर मिळतं. पेटी हलली, तरी नोंद एकच बदलते.

बाकीचं जग जागच्या जागी राहिलं, हे सांगायला कोण येतं? मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज यांनी १९६९मध्ये हाच प्रश्न मांडला. किल्ली फिरवल्यावर कुलूप उघडतं, पण जिना तिथेच राहतो, हे शुद्ध तर्काला आपोआप कळत नाही. खेळ लिहिणारा इथे सरळ पळवाट काढतो : ज्या नोंदीला हात लावला नाही, ती तशीच खरी. मला ही पळवाट आवडते.

१९७७च्या सुमारास एमआयटीतल्याच चौघांनी लिस्पच्या नात्यातल्या एमडीएल भाषेत ‘झॉर्क’ लिहायला घेतला. त्यात अंधारात भटकणाऱ्या खेळाडूला ‘ग्रू’ नावाचा प्राणी खाऊन टाकतो. म्हणजे उजेड हा तिथे जीवनमरणाचा प्रश्न. माझ्या वाड्यात ग्रू नाही, पण बंद पेटीतला पेटता कंदील खोली उजळणार नाही, हे सांगावंच लागलं. उजेडही तीच शिडी चढतो, फक्त प्रत्येक पायरीवर विचारतो : झाकण उघडं आहे का? काचेची बरणी आली तेव्हा ‘पारदर्शक’ अशी आणखी एक नोंद वाढली. पेटीत बरणी, बरणीत कंदील, आणि पेटीचं झाकण बंद, असं केलं तरी खोली अंधारीच राहते. त्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागली नाही.