पूर्व आफ्रिकेतील शहरे, आंतरराष्ट्रीय विकास प्रकल्प आणि सल्लासेवेच्या संधी : एक विवेचन

प्रास्ताविक :

दार-एस-सलाम, नैरोबी, कंपाला, किगाली व आदिस अबाबा ही शहरे आज नागरी विकासाच्या अभ्यासात वारंवार उल्लेखिली जातात. टांझानियाच्या २०१२ च्या जनगणनेत दार-एस-सलामची लोकसंख्या सुमारे ४३.६ लाख होती, ती २०२२ मध्ये सुमारे ५३.८ लाख झाली. एका दशकात दहा लाख माणसांची भर पडणाऱ्या शहराला पाणी, रस्ते, मलनिःसारण व घरे पुरविणे केवळ स्थानिक महसुलातून शक्य नसते. त्यामुळे जागतिक बँक, आफ्रिकन विकास बँक, जपानची जायका, चीन व भारताच्या एक्झिम बँका यांचा पैसा येथे येतो आणि त्या पैशाबरोबर सल्लागारही येतात. आपल्या महाविद्यालयांतील भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना या क्षेत्राविषयी कुतूहल असते, परंतु मराठीत याविषयीची माहिती विखुरलेली आहे. प्रस्तुत लेखात ही संधी नेमकी कोठे निर्माण होते, तिची कार्यपद्धती कोणती आणि सल्ला चुकला तर त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार केला आहे.

सल्लागाराची निवड कशी होते :

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जागतिक बँकेचा प्रकल्प म्हटला की सल्लागार बँकच नेमते, असे अनेकांना वाटते. वस्तुतः कर्ज घेणारे सरकार किंवा त्याची संस्था सल्लागार नेमते. बँक केवळ नियम घालून देते व त्यांच्या पालनावर देखरेख ठेवते. प्रथम कामाचे कार्यकक्षापत्र तयार होते. नंतर स्वारस्यपत्रे मागविली जातात. २०१६ पासून लागू झालेल्या नियमावलीनुसार सर्वसाधारणपणे पाच ते आठ संस्थांची लघुयादी करून त्यांच्याकडून प्रस्ताव घेतले जातात. गुणवत्ता व खर्च या दोहोंवर आधारित निवडीत तांत्रिक प्रस्तावाचे गुण आधी ठरतात आणि आर्थिक लिफाफा त्यानंतरच उघडला जातो. वैयक्तिक सल्लागाराच्या बाबतीत मात्र विस्तृत प्रस्ताव नसतो. उमेदवारांचा अनुभव व पात्रता यांची तुलना होते. प्राध्यापकाला प्रवेश मिळण्याची शक्यता मुख्यतः या दुसऱ्या दारानेच असते. पहिल्या दाराशी मोठ्या कंपन्यांची रांग असते आणि त्या रांगेत एकटे महाविद्यालय टिकत नाही.

अलीकडे आणखी एक बदल झाला आहे, त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. युगांडातील २०१३ चा नगरपालिका विकास कार्यक्रम अथवा केनियातील २०१७ चा नागरी साहाय्य कार्यक्रम यांत पैसा फलनिष्पत्तीशी जोडलेला आहे. ठरलेले निकष पूर्ण केल्यावरच निधी मिळतो आणि त्याचा विनियोग देशाच्या स्वतःच्या खरेदी-पद्धतीने होतो. परिणामी कामाची जाहिरात वॉशिंग्टनच्या सूचनाफलकापेक्षा जिल्हा-शासनाच्या निविदेत अधिक आढळते. तेथे स्थानिक भागीदाराशिवाय पाऊल टाकता येत नाही. व्यावसायिक नोंदणीचाही प्रश्न असतोच. टांझानियात परदेशी अभियंत्याला अभियंता नोंदणी मंडळाकडे तात्पुरती नोंदणी करावी लागते.

भारतीय एक्झिम बँकेच्या कर्जमर्यादेची रीत याहून निराळी आहे. या कर्जातून होणाऱ्या खरेदीपैकी साधारणतः किमान ७५ टक्के वस्तू व सेवा भारतातून घ्याव्या लागतात. दार-एस-सलाम व चालिंझे परिसराच्या पाणीपुरवठ्यासाठी सुमारे १७.८ कोटी डॉलर आणि पुढे टांझानियातील २८ गावांच्या योजनांसाठी ५० कोटी डॉलर अशी कर्जे याच मार्गाने देण्यात आली. वाप्कोससारख्या सार्वजनिक कंपन्यांना त्यातून सल्लागाराचे काम मिळाले. अर्थात भारतीय असणे ही यशाची हमी नव्हे. राइट्सने २००७ मध्ये टांझानिया रेल्वेचे ५१ टक्के भागभांडवल व व्यवस्थापन स्वीकारले होते; पंचवीस वर्षांसाठी झालेला तो करार काही वर्षांतच संपुष्टात आला.

जांगवानीचा डेपो :

दार-एस-सलामची जलद बस वाहतूक हे या विषयाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण होय. पुणेकर वाचकांना बीआरटी व तिच्यावरील वादविवाद नवे नाहीत. दार-एस-सलाममधील पहिला टप्पा सुमारे २१ किलोमीटरचा असून जागतिक बँकेच्या साहाय्याने उभारलेली ही सेवा मे २०१६ मध्ये सुरू झाली. स्वतंत्र मार्गिका, उंच फलाट व आधी तिकीट काढण्याची सोय यांमुळे प्रवासाचा वेळ खूपच घटला. २०१८ चा शाश्वत वाहतूक पुरस्कारही या शहराला मिळाला.

मात्र बसगाड्यांचा डेपो बांधला गेला तो जांगवानी येथे, म्हणजे म्सिम्बाझी नदीच्या पूरमैदानात. याच खोऱ्यात डिसेंबर २०११ मध्ये मोठा पूर येऊन सुमारे चाळीस माणसे दगावली होती आणि तेथील काही कुटुंबांना शहराबाहेर माब्वेपांडे येथे हलविण्यात आले होते. अर्थात नदी आपले पात्र कोठवर पसरते हे अज्ञात नव्हते. तरीही शहराच्या मध्यभागी एवढी मोठी मोकळी जागा अन्यत्र सहज मिळत नसल्याने तीच निवडली गेली. मार्च ते मे हा तेथील मोठ्या पावसाचा काळ. त्याला ‘मासिका’ म्हणतात. २०१८ च्या मासिकात डेपो पाण्याखाली गेला, गाड्यांचे नुकसान झाले, मुख्य मार्ग बंद पडला. कागदावर वाहतुकीचा आराखडा उत्तम होता. परंतु वाहतुकीचा तज्ज्ञ आणि जलविज्ञानाचा तज्ज्ञ यांची कार्यकक्षापत्रे वेगळी असली की असे घडते, असे मला वाटते. शेवटी २०२२ मध्ये जागतिक बँकेने म्सिम्बाझी खोऱ्यासाठी २० कोटी डॉलरचा प्रकल्प मंजूर केला. त्यात डेपो हलविणे व जांगवानीचा पूल नव्याने उंच बांधणे ही कामे आहेत. म्हणजे जागेच्या निवडीतील चूक निस्तरण्यासाठीही कर्ज, आणि ते फेडणार टांझानियाचा करदाता.

याच शहरात याच्या अगदी उलट पद्धतीचे कामही झाले. २०१५ मध्ये ‘रामानी हुरिया’ (मुक्त नकाशा) या उपक्रमात दार-एस-सलाम विद्यापीठ व आर्धी विद्यापीठ यांच्या विद्यार्थ्यांनी रहिवाशांना बरोबर घेऊन गल्ल्या, घरे, गटारे व नाले यांचे नकाशे तयार केले. (मराठी वाचकाने ‘आर्धी’चा अर्थ अर्धी असा घेऊ नये, किस्वाहिलीत तो शब्द भूमीचा वाचक आहे.) पाणी गुडघ्यापर्यंत येते की कमरेपर्यंत, हे उपग्रहाला दिसत नाही, ते तेथे राहणाऱ्या बाईला ठाऊक असते. ही माहिती सर्वांना खुली राहिली, हे त्या कामाचे मोल.

नैरोबी आणि मुंबई :

नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे व मानवी वसाहती कार्यक्रमाचे मुख्यालय आहे. सल्लागारांची वर्दळ म्हणूनच तेथे सर्वाधिक. परंतु महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा दुवा निराळाच आहे. किबेरा व मुकुरू वस्त्यांतून जाणाऱ्या लोहमार्गालगतच्या झोपड्यांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा केनिया रेल्वेचे अधिकारी मुंबईत येऊन रेल्वेमार्गालगतच्या झोपडीवासीयांचे पुनर्वसन पाहून गेले. मुंबईतील त्या कामात जोकिन अर्पुतम यांचे राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ, महिला मिलन व स्पार्क या संघटनांनी घरोघरची गणना रहिवाशांच्या हातून करून घेतली होती. हीच रीत केनियातील ‘मुउंगानो वा वानाविजिजी’ या वस्तीवासीयांच्या संघटनेने आत्मसात केली. येथे सल्ला देणारे पदवीधर नव्हते, ही बाब आपण प्राध्यापकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये नैरोबी शासनाने मुकुरू हे विशेष नियोजन क्षेत्र घोषित केले. सुमारे एक लाख कुटुंबांच्या या वस्तीचा आराखडा विद्यापीठे, संस्था व रहिवासी यांनी मिळून केला. तथापि २०२१ च्या अखेरीस मुकुरू क्वा न्जेंगा भागात रस्त्यासाठी हजारो कुटुंबांची घरे पाडण्यात आली. लोकसहभागातून झालेल्या नियोजनालाही बुलडोझर थांबविता आला नाही. म्हणून अशा कामाचे मूल्य मापताना अहवालाच्या दर्जाइतकाच राजकीय पाठबळाचा विचार करावा लागतो.

आपल्या महाविद्यालयांसाठी :

आर्थिक परिस्थितीही बदलली आहे. ब्रिटनचे आंतरराष्ट्रीय विकास खाते २०२० मध्ये परराष्ट्र खात्यात विलीन झाले. अमेरिकेच्या यूएसएडचे काम १ जुलै २०२५ रोजी अधिकृतपणे थांबले. अनुदानावर चालणारी अनेक कामे त्यामुळे बंद पडली. कर्जाधारित प्रकल्प राहिले आहेत आणि कर्ज घेणारे शासन सल्ल्याच्या खर्चाकडे अधिक बारकाईने पाहणार हे उघड आहे.

अशा वेळी एम्.फिल. वा पीएच्.डी.च्या बळावर एकट्याने स्वारस्यपत्रे पाठवीत बसण्यापेक्षा आर्धी, नैरोबी वा मकेरेरे विद्यापीठातील विभागाशी संयुक्त अभ्यास सुरू करणे अधिक फलदायी वाटते. पाणीपट्टी-वसुली, घनकचरा, नगरपालिकेचा मालमत्ताकर, झोपडपट्टी सर्वेक्षण हे आपल्याकडील प्राध्यापकांनी प्रत्यक्ष हाताळलेले विषय आहेत. तेथील कार्यकक्षापत्रांतही तेच वारंवार येतात. भाषेची तयारी मात्र हवी. कार्यालयात इंग्रजी चालते, पण टांझानियातील वस्तीत प्रश्नावली किस्वाहिलीतच भरली जाते. त्या भाषेत दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’ व लाखाला ‘लाकी’ म्हणतात, हिशोब तर ‘हेसाबू’ होऊन भेटतो. तेव्हा आरंभ अवघड जाऊ नये. भारत-आफ्रिका शैक्षणिक संबंधांना १९६४ पासूनच्या आयटेक प्रशिक्षण योजनेची जुनी बैठक आहे आणि २०२३ पासून आयआयटी मद्रासचे संकुल झांझिबारमध्ये चालू आहे. दार-एस-सलामहून तेथे बोटीने सुमारे दोन तासांत पोहोचता येते.