तेलाचा दाब एकाएकीं उतरला तर

आजचा विषय जुन्या मोटारगाडीच्या एंजिनाचा असला तरी तो केवळ मिस्त्रीमंडळींचा आहे असें समजूं नये. ज्या घरांत वडिलांच्या वेळची पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर अजून चालती ठेविली आहे, त्या घरांतील प्रत्येकास तेलाच्या तांबड्या दिव्याचा अर्थ ठाऊक असावा. तो दिवा लागल्यावर विचार करण्यास मिळणारा वेळ सेकंदांत मोजावा लागतो, आणि नेमक्या त्या वेळीं मिस्त्री जवळ नसतो.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडूं लागली, व तीच गाडी १९७४ पासून पद्मिनी या नांवानें प्रसिद्धीस आली. तिचें उत्पादन शतक सरतां सरतां थांबलें; २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही निघून गेली. टॅक्सी गेल्या तसे तिचे जाणते मिस्त्री आणि सुटे भागही पांगले. आज क्रँकशाफ्ट खराब झाला तर दुसरा सहज मिळेल असें धरून चालतां येत नाहीं.

आतां तेलाचें एंजिनांतील काम पाहूं. १८८३ सालीं टॉवर नांवाचा एक इंग्रज एंजिनिअर आगगाडीच्या आंसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल सोडण्यासाठीं त्यानें बेअरिंगच्या माथ्यावर भोंक पाडलें, तों आंस फिरूं लागतांच तेल आंत जाण्याऐवजीं तेथूनच वर येऊं लागलें. भोंकांत बूच मारलें, तर तेंही ढकललें जाऊन बाहेर आलें! हें कोडें १८८६ सालीं ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं गणितानें सोडविलें. फिरणारा आंस तेलाला आपल्याबरोबर निमुळत्या फटींत ओढून नेतो आणि त्या दाबलेल्या तेलावर स्वतः तरंगतो. क्रँकशाफ्टही असाच तरंगत असतो. धातूला धातू लागत नाहीं. ऑइल पंपाचें काम एवढेंच, कीं निसटून जाणाऱ्या तेलाच्या जागीं सारखें नवें तेल पोंचवावें. तो पुरवठा तुटला कीं बेअरिंगवरील मऊ धातूचा लेप मिनिटाभरांत खरडला जाऊं शकतो.

पंप दाब उत्पन्न करतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. आमच्या अंजनवेलींत नारळी-पोफळीच्या बागा शिंपणाऱ्या गड्याला विचारा. नळीचें तोंड मोकळें असलें तर पाणी पायाशींच पडतें. तोंडावर आंगठा ठेवला कीं तेंच पाणी दूरच्या माडाच्या आळ्यांत जातें. एंजिनांत आंगठ्याचें काम बेअरिंगच्या बारीक फटी करतात. म्हणून दाब खरोखर उतरला असेल तर एक तर पंपाला तेल मिळत नाहीं, किंवा तेलाला कोठें तरी मोकळी वाट सांपडली आहे, किंवा तेलच पातळ झालें आहे. याखेरीज, दाब जागच्या जागीं असून सांगणारा दिवाच खोटें बोलत असेल, असाही संभव राहतो.

बेअरिंगें झिजून फटी रुंद होतात त्या वर्षानुवर्षें. तो दाब हळूहळू उतरतो. काल ठीक व आज शून्य असें सहसा होत नाहीं. तरी दिवा लागला कीं "एंजिन बसलें" असा निकाल देणारा कोणी तरी भेटतोच. दुसरा कोणी "स्विच खराब असेल, चला पुढें" म्हणतो. हा दुसरा माणूस अधिक धोक्याचा. बहुतेक गाड्यांत हा दिवा दाब चौरस इंचास पांच-सात पौंडांच्या आसपास उतरल्यावरच लागतो. म्हणजे ती पूर्वसूचना नव्हे, तोंवर बहुतेक सारें संपलेलें असतें. गाडी कडेला घ्यावी, एंजिन तत्काळ बंद करावें, आणि मग वाद घालावा.

गाडी सपाटीवर उभी करून दहा मिनिटांनीं तेल मोजण्याची पट्टी काढून पाहावी. तेल फारच खालीं असेल तर कारण हातीं आलें. गाडीखालीं वाकून तें कोठून गेलें तें शोधावें. घाटाच्या वळणावर दिवा लुकलुकतो व सरळ रस्त्यावर विझतो, हेंही तेल कमी झाल्याचेंच लक्षण, कारण वळणावर तें पंपाच्या तोंडापासून बाजूला सरकतें. तेल दुधट दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे. पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल खालीं गळत असावें. तें तेल पातळ झालें, त्यावर एंजिन चालवूं नये.

पण तेल भरपूर आणि स्वच्छ असेल तर? अशा दोन गाड्या मीं येथेंच पाहिल्या. पहिली धोपाव्याच्या जेटीवर दाभोळच्या फेरीबोटीची वाट पाहत उभी होती. एंजिन मंद चालू असतां दिवा लागला. दुसरी गांवाकडे येतांना रस्त्यांतील जांभ्या दगडावरून गेली, खालून ठोका ऐकूं आला, व थोड्याच अंतरावर दिवा लागला. दोघांनींही गाड्या जागींच बंद केल्या. दोन्हींत तेल पट्टीच्या खुणेपर्यंत होतें. दोन्हींत किल्ली फिरवून, एंजिन बंद ठेवून, स्विचवरील तार काढली तेव्हां दिवा विझला. म्हणजे तार कोठें घांसून लोखंडाला लागलेली नव्हती. येथवर दोन्ही गाड्या सारख्याच.

पुढचें काम दाबमापकाचें. १८४९ सालीं बूर्दों या फ्रेंच कारागिरानें शोधलेलें हें साधन म्हणजे जत्रेंतली कागदी पिपाणीच. फुंकल्यावर ती जशी उलगडते तशी आंतील वांकडी चपटी नळी दाबानें सरळ होऊं पाहते व कांटा फिरवते. शृंगारतळीहून आलेल्या मिस्त्र्यानें स्विच काढून त्याच आट्यांत मापक बसविला व एंजिन क्षणभर चालवून पाहिलें. पहिल्या गाडींत कांटा झटकन् वर गेला व एंजिन तापल्यावरही तेथेंच राहिला. खाऱ्या हवेनें स्विचच कुजला होता, काम थोडक्यांत आटोपलें. दुसरींत कांटा जेमतेम हलला. तिचें चेंबर दगडानें आंत चेपून पंपाच्या जाळीला टेकलें होतें. तेल भरपूर असून पंप उपाशी! चेंबर उतरवून ठोकून सरळ केलें आणि दाब परत आला. ती गाडी "स्विचच असेल" म्हणून चिपळुणापर्यंत चालवीत नेली असती, तर क्रँकशाफ्टचा शोध घेत हिंडावें लागलें असतें.

मापकांत दाब खरोखर कमी निघाला आणि चेंबर धड असलें, तर प्रथम रिलीफ व्हॉल्व्ह उघडून पाहण्यास मिस्त्र्याला सांगावें. तेथें बारीकसा कण अडकून झडप उघडीच राहिली तर सारें तेल मागें फिरतें. धुऊन, स्प्रिंग तपासून ती परत बसवितां येते. त्यानंतर पंप, आणि बेअरिंगें अगदीं शेवटीं.

मापक एकदां बसविलाच आहे तर थंड एंजिनाचा, तापलेल्या मंद एंजिनाचा व रस्त्यावरील वेगाचा, असे तीन आंकडे गाडीच्या वहींत तारखेसह लिहून घ्यावे. पुढच्या खेपेस मिस्त्री कोणीही असो, त्याला तुलनेसाठीं तेच लागतील. आणि सकाळीं किल्ली फिरवितांना तांबडा दिवा लागतो ना, हें पाहावें. त्याचा बल्ब गेला असेल तर तो कधींच लागणार नाहीं.