घोडीची पाठ, स्वाराची मांड

"उजवीकडं वळंना झालीय, डॉक्टर. तंग आवळला की चावायला येती." मोतद्दाराची तक्रार एवढीच. मुळशीतल्या पौडच्या अलीकडे, भातखाचरांना लागून असलेल्या तबेल्यात ही थरोब्रेड घोडी आहे. शर्यतीतून निवृत्त झाल्यावर ती शिकाऊ स्वारांना रपेट शिकवते. मालकांनी डॉक्टरांना बोलावलं ते "पाठ मोकळी करून द्या" म्हणून. या बाई नोंदणीकृत पशुवैद्यक. सांधे-स्नायूंवर हाताने उपचार करण्याचं वेगळं शिक्षणही त्यांनी घेतलंय. पण बराच वेळ त्यांनी पाठीला हातच लावला नाही.

आधी घोडी बाहेरच्या सिमेंटच्या रस्त्यावर चालवली, मग दुडकीवर पळवली. पुढून, मागून, बाजूने बघितली. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा मान वर झटकतो. मागचा दुखत असेल तर त्या अंगाचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. हिचा उजवा पुठ्ठा किंचित उचलत होता, नुसत्या चालीत न दिसणारा, दुडकीत दिसणारा.

मग दात, मग खूर. मुळशीच्या पावसात खूर आठवडेच्या आठवडे ओले राहतात. भिंत मऊ पडते, खिळे सैल होतात, तळाचा मऊ भाग सडू लागतो. नालबंदाची फेरी सहा ते आठ आठवड्यांनी व्हायला हवी, ती इथे लांबली होती. मागच्या उजव्या खुराची टाच खाली बसलेली.

पाठ आली ती यानंतर. मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापासून पुठ्ठ्यापर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं सावकाश सरकली. डॉक्टरांची नजर मात्र बोटांवर नव्हती, घोडीच्या कानांवर आणि डोळ्यांवर होती. खोगिराच्या मागच्या कडेपाशी, उजवीकडे कातडी थरथरली, कान मागे पडले, शेपूट झटकली. डावीकडे तसाच दाब दिला तेव्हा ती शांत होती. मग पोटाखाली मधोमध बोटं दाबत नेली. निरोगी घोडा यावर पाठ वर उचलतो. हिने उचलली, पण अर्धवट. शेवटी कुशीपाशी गाजर धरलं. मान डावीकडे सहज वळली. उजवीकडे गाजर गाठायला तिने सगळं अंगच फिरवलं.

हाताने कण्यावर उपचार करण्याची ही कायरोप्रॅक्टिक पद्धत १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी माणसांसाठी सुरू केली. जनावरांवर असे उपचार करणाऱ्यांची अमेरिकी संघटना १९८९ ची. "सरकलेला मणका जागेवर बसवला" हे वाक्य या धंद्यात सर्रास ऐकू येतं, पण ते घोड्याच्या शरीरात बसत नाही. पाठीचे अठरा आणि कमरेचे सहा मणके जाड स्नायूंखाली आणि घट्ट बंधांत असतात. हाताच्या झटक्याने ते इकडचे तिकडे होत नाहीत. नेमक्या सांध्यावर नेमका झटका दिला तर आखडलेले स्नायू काही काळ सैल पडतात, दाब सोसण्याची ताकद वाढते. पुरावा एवढ्यापुरताच आहे, तोही मर्यादित. मूळ दुखणं शोधल्याशिवाय पाठ सैल केली तर लंगडणं झाकलं जातं, म्हणून आधी निदान हवं. भारतात जनावरांचं निदान आणि उपचार १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली नोंदणीकृत पशुवैद्यकाकडेच सोपवलेले आहेत.

आता खोगीर. रपेटीनंतर ते उतरवलं तेव्हा खालचा घाम बघण्यासारखा होता. सगळीकडे ओलं आणि एका जागी तळहाताएवढं कोरडं, तर तिथे दाब जास्त पडतोय असा संशय घ्यायचा. हिचं खोगीर दर फेरीला उजवीकडे सरकत होतं. तबेल्यात खापर फुटलं ते खोगिराच्या भरणीवर. पण लीन ग्रेव्ह आणि स्यू डायसन या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वेगळं सांगतो. खोगीर सतत एका अंगाला सरकतं, त्यामागे अनेकदा मागच्या पायाचं लंगडणं असतं. इंजेक्शन देऊन पायाची वेदना थांबवली, तर बहुतेक घोड्यांत सरकणंही थांबतं.

तरीही स्वार सुटत नाही. या घोडीवर बसणाऱ्या ताई हिंजवडीच्या आयटी पार्कात काम करतात, म्हणजे आठवडाभर खुर्चीत. मागून पाहिलं तर त्यांचा उजवा खांदा खाली, कंबर उजवीकडे कललेली. डॉक्टरांनी त्यांना उतरवून तबेल्याच्या प्रशिक्षकाला बसवलं. खोगीर तेव्हाही सरकलं, पण निम्मंच. घोडीचा वाटा किती आणि स्वाराचा किती, याचा अंदाज एवढ्या साध्या अदलाबदलीतून आला. रिकिबीचे पट्टे काढून शेजारी धरले. डावा लांबलेला, कारण घोड्यावर नेहमी डावीकडून चढतात आणि चढताना सगळा भार त्याच पट्ट्यावर येतो. त्याच ओढीने खोगीर पाठीवर पिळलंही जातं.

पाठीवरचा उपचार शेवटी झाला आणि थोडक्यात आटोपला. खरी चिठ्ठी पुढची: नालबंदाला लगेच बोलवा, टाच नीट करा. तोवर घोडीवर कोणी बसायचं नाही, सरळ रेषेत हातानं चालवायची. नाल बसल्यावर पुन्हा दुडकीवर बघायची. पुठ्ठा तरीही उचलत असेल तर क्ष-किरण. चढायला चौथरा वापरा, पट्टे डाव्याचे उजव्याला अदलून बदलून लावा.

"आणि मी?" ताईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, माणसांच्या फिजिओथेरपिस्टला गाठा. दर तासाला खुर्चीतून उठा. मांड्यांचा आणि कमरेचा व्यायाम रोज करा. मालक पैसे मोजता मोजता हसले. घोडीच्या औषधाचा अर्धा डोस आता हिंजवडीत घेतला जाणार होता.