लारा क्रॉफ्टचं थडगं, इनामगावचा रांजण

‘टूम रेडर’ हा व्हिडिओ गेम १९९६ मध्ये आला, ‘अनचार्टेड’ २००७ मध्ये. लारा क्रॉफ्ट आणि नेथन ड्रेक या त्यांतल्या नायकांनी जगभरच्या खेळणाऱ्यांना प्राचीन अवशेषांची गोडी लावली. पुरातत्त्वाबद्दलच्या काही पक्क्या गैरसमजांचं श्रेयही त्यांच्याकडे आणि त्यांच्या भाऊबंदांकडे जातं. त्यातले पाच असे.

गैरसमज १ : पुरातत्त्वज्ञ मौल्यवान वस्तूंच्या शोधात असतो.

वस्तुस्थिती : लारा थडग्यात शिरते, वस्तू उचलते आणि निसटते, मागे छत कोसळतं. पुरातत्त्वज्ञाच्या हिशेबी खरा ऐवज त्या ढिगाऱ्यातच राहिला. उत्खननात चौकोन आखून माती थराथराने काढतात, चाळतात, प्रत्येक थराचं रेखाटन करतात, छायाचित्रं घेतात. हाती येतं ते बहुतेक खापरं, हाडं, जळके दाणे आणि राख. दाण्यांवरून पिकं कळतात, हाडांवरून पाळीव जनावरं, कोळशाच्या तुकड्यावरून काळ. उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही, त्यामुळे नोंदीविना केलेलं खोदकाम ही नुसती नासधूस असते. ‘ज्याला सापडलं त्याचं’ हा नियमही इथे चालत नाही. जमिनीत सापडलेल्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्याला देण्याचं बंधन भारतात १८७८ च्या कायद्यापासून आहे, आणि १९७२ च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

गैरसमज २ : वस्तू सुखरूप सरकारजमा झाली की इतिहास वाचला.

वस्तुस्थिती : ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ (२०१७) भारतात घडतो. क्लोई फ्रेझर आणि नडीन रॉस पश्चिम घाटात गणपतीच्या सुळ्याचा माग काढतात आणि शेवटी तो सांस्कृतिक मंत्रालयाला द्यायचं ठरवतात. हेतू नेक आहे. पण सुळा कोणत्या थरात होता, शेजारी काय होतं, हे सांगणारा पुरावा वाटेतल्या धुमश्चक्रीत गेलेला असतो.

हे नुकसान किती मोठं असतं, ते अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं दायमाबाद दाखवतं. प्रवरेकाठच्या या गावात १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना एका गावकऱ्याला चार कांस्यशिल्पं सापडली : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन सुमारे ६० किलो. शिल्पं शाबूत राहिली, सरकारकडे आली. मात्र ती शास्त्रीय उत्खननातून निघाली नव्हती. काही अभ्यासकांनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली. धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण पाहून डी. पी. अग्रवाल यांनी ती बरीच नंतरची, ऐतिहासिक काळातली असावीत, असं म्हटलं. दोन मतांमध्ये हजाराहून अधिक वर्षांचं अंतर आहे. एस. ए. साळी यांनी पुढे तिथे पद्धतशीर उत्खनन केलं, तरी शिल्पांभोवतीची मूळ माती काही परत मिळाली नाही.

गैरसमज ३ : वस्तू नीट निरखली की तिचा अर्थ कळतो.

वस्तुस्थिती : २०१३ च्या ‘टूम रेडर’मध्ये वस्तू हातात फिरवली की लारा तिची माहिती सांगून मोकळी होते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये पुरेसे तुकडे जमवले की वस्तू तयार, सोबत तिची माहितीही.

प्रत्यक्षात तसं होत नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचं उत्खनन केलं. तिथे चार पायांच्या मातीच्या रांजणात बसलेल्या स्थितीत पुरलेला एक पुरुष मिळाला. एकटा रांजण पाहिला तर ते एक चमत्कारिक दफन, एवढंच म्हणता आलं असतं. पण ते दफन पाच खोल्यांच्या मोठ्या घरात होतं. घराशेजारी धान्याचं कोठार होतं. गावातल्या इतर प्रौढांना आडवं पुरलेलं होतं आणि त्यांचे पाय घोट्यावर तोडलेले होते. हे सगळं एकत्र ठेवल्यावर ही व्यक्ती गावचा प्रमुख असावी, असं अनुमान निघालं. पाय तोडण्यामागे मृतानं गाव सोडून जाऊ नये ही भावना असावी, हेही अनुमानच. अशा प्रत्येक ‘असावी’मागे पुरावा मांडावा लागतो, आणि नवा पुरावा आला तर ते बदलायची तयारी ठेवावी लागते.

गैरसमज ४ : प्राचीन लिपी सरावाने वाचता येते.

वस्तुस्थिती : ‘राइज ऑफ द टूम रेडर’मध्ये (२०१५) भित्तिलेख पाहत गेलं की लाराचं ग्रीक, रशियन, मंगोलियन सुधारत जातं. या निदान ज्ञात भाषा आहेत. विस्मरणात गेलेल्या लिपीचं गणित वेगळं. रोझेटा शिलालेख १७९९ मध्ये मिळाला, त्यावर एकच मजकूर ग्रीकमध्येही होता, तरी अभ्यासक शाम्पोलियनला इजिप्तच्या चित्रलिपीचं कोडं सुटायला १८२२ उजाडलं. सिंधू लिपीला असा द्वैभाषिक लेख मिळालेला नाही. ती आजही अवाचित आहे.

गेममधल्या अशा सोप्या वाचनाला एक सुंदर अपवाद म्हणजे ‘हेवन्स व्हॉल्ट’ (२०१९). त्यातली पुरातत्त्वज्ञ आलिया अनोळखी चिन्हांचे अर्थ अंदाजाने लावते. अंदाज चुकला तरी गेम थांबत नाही. चुकीच्या वाचनावर पुढचं वाचन रचलं जातं आणि केव्हातरी विसंगती समोर येते. प्रत्यक्षात अभ्यासकांचंही असंच होतं.

गैरसमज ५ : इतकं हुबेहूब दिसतं, म्हणजे ते अस्सलच असणार.

वस्तुस्थिती : २०१९ मध्ये पॅरिसचं नोत्र दाम जळलं, तेव्हा ‘असॅसिन्स क्रीड : युनिटी’मधल्या (२०१४) प्रतिकृतीवरून ते पुन्हा बांधणार, अशी बातमी जगभर फिरली. त्या प्रतिकृतीत मात्र कलाकारांनी बरीच मोकळीक घेतलेली होती. फ्रेंच क्रांतीच्या काळातल्या या गेममध्ये दिसणारा टोकदार मनोरा मुळात एकोणिसाव्या शतकातला आहे. पुनर्बांधणीला आधार मिळाला तो कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांच्यासारख्यांनी आधी करून ठेवलेल्या लेझर मोजमापांचा. ‘लॉस्ट लेगसी’तही होयसळ राजघराण्याची बेलूर आणि हळेबीडू ही नगरं रानात हरवलेली आहेत. खरी बेलूर आणि हळेबीडू कर्नाटकच्या हासन जिल्ह्यातली नांदती गावं आहेत. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात आजही पूजा होते, आणि २०२३ पासून होयसळ मंदिरं जागतिक वारसा यादीत आहेत.

याचा अर्थ गेम निरुपयोगी, असा नाही. ‘असॅसिन्स क्रीड : ओरिजिन्स’ला २०१८ मध्ये ‘डिस्कव्हरी टूर’ जोडली गेली. तिच्यात लढाई नाही; टॉलेमींच्या काळातल्या इजिप्तमधून नुसतं फिरायचं. तिथल्या शाळेत मुलगे-मुली एकत्र बसलेले दिसतात, आणि प्रत्यक्षात असं नव्हतं, हा बदल आम्ही ठरवून केला, असं निर्मात्यांनी तिथेच सांगून टाकलं आहे. उत्खननाच्या चांगल्या अहवालातही मिळालं काय आणि मानलं काय, हे वेगवेगळं मांडलेलं असतं. एखाद्या गेममधला इतिहास विश्वासाचा की नुसता मौजेचा, हे ठरवायला तेवढीच कसोटी पुरते.