पंडिता रमाबाईंचीं त्रैक्यविषयक पत्रें

नाशिकाहून गंगापूर रोडनें गोदेच्या कांठानें पश्चिमेस निघालें म्हणजे जलालपूर लागतें. लक्ष्मीबाई टिळकांचें हें जन्मगांव. अलीकडे शहरालगत शरणपूर आहे. ही ख्रिस्ती वस्ती चर्च मिशनरी सोसायटीनें एकोणिसाव्या शतकांत वसविली. अशा टापूंतील जुन्या घरांतून प्रार्थनापुस्तकें, मतपत्रिका व खासगी पत्रें संग्राहकांच्या हातीं येण्याचा संभव असतो. तीं कोणत्या दृष्टीनें वाचावीं, हें एका छापील पत्रसंग्रहाच्या आधारें दाखविण्याचा येथें विचार आहे.

तो संग्रह पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचा होय. सिस्टर जेराल्डीन यांनीं जमविलेलीं हीं पत्रें अ. भि. शहा यांनीं संपादिलीं व महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें मुंबईस १९७७ सालीं प्रसिद्ध केलीं. रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या व त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. जेराल्डीनबाई तेथील मठांतील जोगीण असून रमाबाईंच्या धर्ममाता होत्या. पुढें रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या विद्यालयांत राहिल्या. तेथील मुख्याध्यापिका डोरोथिया बील. या तिघींमध्यें १८८५ सालीं जो वाद झाला, त्याच्या मुळाशीं त्रैक्याचा सिद्धान्त होता.

ईश्वर एकच, परंतु पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्ति त्या एकाच तत्त्वांत आहेत, असा तो सिद्धान्त. रमाबाई ब्राह्मसमाज व प्रार्थनासमाज यांच्या सहवासांतून आलेल्या, म्हणजे एकेश्वरवाद त्यांच्या अंगीं मुरलेला. शिवाय मराठी कानास ‘तीन व्यक्ति’ हे शब्द तीन निरनिराळीं माणसें असेच ऐकूं येतात. बाप्तिस्म्याच्या वेळीं प्रार्थनापुस्तकाप्रमाणें प्रेषितांची संक्षिप्त मतपत्रिका विचारली जाते. आथानासियसच्या नांवावर चालणारी लांब मतपत्रिका मात्र त्रैक्याची एकेक बाजू निश्चित करते व ती न मानणाराचा सर्वकाळ नाश होईल असें बजावते. ती रमाबाईंस मान्य होईना. बायबलांत स्पष्ट न सांपडणारी गोष्ट केवळ चर्च सांगतें म्हणून कबूल करावयाची नाहीं, हा त्यांचा आग्रह होता. ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयींहि त्या काळीं त्यांस शंका होत्या.

येथें ग्रंथसंशोधकांस रस वाटेल अशा दोन गोष्टी आहेत. आथानासियस हा आलेक्झांड्रियाचा बिशप, ग्रीक लेखक. तो ३७३ सालीं वारला. सदर मतपत्रिका मूळची लॅटिन असून त्याच्यानंतर, बहुधा गॉल प्रांतांत रचली गेली. आपल्याकडे व्यासांच्या नांवावर काय काय खपलें हें आठवलें म्हणजे यांत नवल वाटणार नाहीं. वॉसियस नांवाच्या डच पंडितानें १६४२ सालींच हें कर्तृत्व नाकारलें होतें. तथापि इंग्लंडांत ती वर्षांतून तेरा सणांस म्हणण्याचा नियम रमाबाई तेथें असतांना कायम होता. दुसरी गोष्ट योहानाच्या पहिल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांतील सातव्या वचनाची. स्वर्गांत साक्ष देणारे तिघे एकच आहेत, असा स्पष्ट उल्लेख तेथें पूर्वीच्या इंग्रजी बायबलांत होता. जुन्या ग्रीक पोथ्यांत तो नाहीं. इरास्मसनें १५१६ व १५१९ च्या आवृत्त्यांत तो घेतला नाहीं. १५२२ मध्यें मात्र, तो असलेली एक ग्रीक पोथी पुढें आल्यावर, घातला. १८८१ च्या सुधारलेल्या इंग्रजी नव्या करारांतून तो पुन्हां गळला. रमाबाई विलायतेस पोहोंचण्यापूर्वीं दोनच वर्षें ही दुरुस्ती झाली होती. मग वचन कोठें आहे, असें विचारणारी विद्यार्थिनी उद्धट कशी ठरते?

जेराल्डीनबाईंस ती तशी वाटली. शतकानुशतकें संतमंडळींनीं जें मानलें त्यापुढें कालच्या शिष्येनें मान तुकवावी, हीच त्यांच्या मतें नम्रता. संशय म्हणजे अहंकार. ही बाजू हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. परंपरेच्या हातीं आपली बुद्धि सोंपविणें यांतहि एक प्रकारचा त्याग आहे, हें आपल्या संप्रदायांत वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको. बीलबाई स्वतः १८८२ च्या सुमारास श्रद्धेच्या दारुण संकटांतून गेल्या होत्या. त्यामुळें जुलमानें वदविलेलें मत हें मतच नव्हे, हें त्या जाणून होत्या. त्यांच्या पत्रांत धीर अधिक आहे. खुद्द ऑगस्टिनानें त्रैक्यावरील आपल्या विस्तृत ग्रंथाच्या पांचव्या भागांत, ‘तीन व्यक्ति’ हा शब्द वस्तु यथार्थ सांगतो म्हणून नव्हे, तर अगदींच गप्प राहूं नये म्हणून वापरतों, अशा आशयाची कबुली दिली आहे. आमच्या मतें, जितकें पटलें तितकेंच बोलणाऱ्या रमाबाई या कबुलीस त्यांच्या गुरूंपेक्षां जवळ होत्या.

आतां संग्रहाविषयीं. हीं पत्रें जमविणारी व्यक्ति या वादांतील एक पक्ष होती. जेराल्डीनबाईंचें विवेचन बऱ्याच वर्षांनंतरचें, पुढची हकीकत ठाऊक झाल्यावर लिहिलेलें आहे. १८९१ च्या सुमारास रमाबाईंस नवा धार्मिक अनुभव आला. पुढें केडगांवीं त्यांनीं हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें व १९२२ सालीं त्या वारल्या. या उत्तरायुष्यावरून १८८५ चा संशय हा एक तात्पुरता ज्वर होता असें ठरविणें गैर होईल. पत्र त्याच्या तारखेस वाचावें, टीप तिच्या तारखेस.

नाशिक भागांत हाच प्रश्न निराळ्या रूपानें येतो. लक्ष्मीबाईंचे पति नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. पण १९१७ मध्यें मिशन सोडून काढलेल्या ‘देवाच्या दरबारां’त बाप्तिस्मा न घेतलेल्यांसहि त्यांनीं जागा ठेविली. अशा मंडळींच्या घरचे कागद मिळाल्यास पाकिटें, तारखा व समासांतील अक्षरें मुळाबरोबरच ठेवावीं. प्रार्थनापुस्तकांत आथानासियसच्या मतपत्रिकेच्या पानावर कोणी पेन्सिलीची रेघ मारलेली असेल, तर पान स्वच्छ करण्याच्या नादांत ती पुसूं नये.